जुन्या मोटारीचा एसी आणि विजेची वाट

(संस्थेच्या तांत्रिक विभागातील मोटार मेकॅनिक व वायरमन या वर्गांच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे सारे आयुष्य मोटारीच्या बॉनेटखाली वाकून गेले, आणि तिथे ऐकणारा एकच असतो, तो म्हणजे गाडीचा मालक. तोही "किती खर्च येईल?" यापलीकडे फारसे काही विचारत नाही. म्हणून प्राचार्य साहेबांनी निमंत्रण दिले तेव्हा मी त्यांना म्हटले, "मी एक गाडी घेऊन येतो आणि तिच्याबद्दलच काय ते बोलतो." ती गाडी बाहेर आंब्याखाली उभी आहे. कार्बोरेटरची, एसी असलेली मारुती ८०० आहे. ही मोटार डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. पण आपल्या भागात ती अजून आठवड्याच्या बाजाराला जाते आणि एखाद्याची नवरीही घेऊन येते.

जुन्या गाडीचा एसी बंद पडला की तीनच निदाने ऐकू येतात. गॅस संपला, कंप्रेसर गेला, नाहीतर "साहेब, आता ही गाडी काढा." या तिन्हींत मिस्त्रीचा फायदा आहे, आणि पुष्कळदा तिन्ही चुकीची असतात. दोष असतो तो एखाद्या गंजलेल्या जोडात, जळक्या रिलेत किंवा चार पैशांच्या वायरीत. तो दिसत नाही, म्हणून कोणी शोधत नाही.

मी हा विषय का घेतला ते आधी सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळे होईल. १९९६ सालची गोष्ट. आखातातील नोकरी सोडून मी परत आलो होतो आणि मुंबई-गोवा रस्त्यावर लहानसे गॅरेज टाकले होते. एक टॅक्सीवाला माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी घेऊन आला. गाडीला एसी कारखान्यातून आलेला नव्हता. मुंबईत कुठेतरी मागाहून बसवून घेतलेला होता. हा गृहस्थ आखातातून येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांना विमानतळावर पोचवण्याचे काम करी, आणि एसीसाठी त्याला चार पैसे जास्त मिळत. त्याची तक्रार अशी : सकाळी निघताना गाडी गार असते, दुपार झाली की एसी बंद. अर्धा तास कुठे चहाला थांबले की पुन्हा सुरू.

मी त्या वेळी स्वतःला मोठा जाणकार समजत होतो. मी गाडी तापवली, एसी बंद पडू दिला, आणि बॅटरीवरून एक वायर आणून थेट कंप्रेसरच्या क्लचला लावली. क्लच ओढेना. मी ताबडतोब निकाल दिला : डायरेक्ट करंट देऊनही क्लच ओढत नाही, म्हणजे क्लचच गेला. सुटा क्लच मिळाला नाही म्हणून मी दुरुस्त केलेला दुसरा कंप्रेसर आणून बसवला. एसी चालू झाला. त्याने पैसे मोजून दिले. त्या महिन्याचा गाडीचा हप्ता होता तो, हे मला मागाहून कळले. दोन आठवड्यांनी तो परत आला. तक्रार तीच. सकाळी गार, दुपारी बंद.

माझे काय चुकले होते ते तुम्हाला कळावे म्हणून आधी एसीतली विजेची वाट समजावून घेऊ. ती समजली की त्या टॅक्सीवाल्याकडे पुन्हा येऊ.

मोटारीतला कंप्रेसर विजेवर फिरत नाही. त्याला फिरवते इंजिन, पट्ट्याच्या साह्याने. वीज फक्त हुकूम देते. कंप्रेसरच्या तोंडाशी पुली असते, ती पट्ट्याबरोबर सतत फिरत असते. पण आतला दांडा तिच्याशी जोडलेला नसतो. पुलीच्या मागे तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल असते. तिच्यात वीज गेली की ती चुंबक बनते, पुढची लोखंडी थाळी खेचून पुलीला चिकटवते, आणि कंप्रेसर फिरू लागतो. "टक" असा जो आवाज येतो तो हाच. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या आपल्या गाड्यांना पहिल्यांदा एसी दिला, तेव्हा हा क्लच नव्हता. थंडी नको झाली तर उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि पट्टाच काढून ठेवायचा! आज आपण एक बटण दाबतो. पण त्या बटणापासून कॉइलपर्यंत वीज पोचायला तिला बऱ्याच जणांची परवानगी घ्यावी लागते.

बॅटरीपासून किल्लीचा स्विच, तिथून फ्यूज, मग ब्लोअरचा स्विच, मग एसीचे बटण. ब्लोअर बंद असेल तर बहुतेक गाड्यांत एसी चालूच होत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण कूलिंग कॉइलवरून हवा वाहिली नाही तर तिच्यावर बर्फ साचेल. पुढे थर्मोस्टॅट किंवा ज्याला गॅरेजात अँप्लिफायर म्हणतात ती छोटी पेटी. कूलिंग कॉइलच्या पात्यांत तिचा एक बारीक सेन्सर खोवलेला असतो. कॉइलचे तापमान शून्याच्या जवळ उतरू लागले की ती वीज तोडते, थोडे वाढले की पुन्हा जोडते. त्यापुढे प्रेशर स्विच, तो गॅसच्या दाबावर नजर ठेवतो. मग रिले, मग क्लचची कॉइल, आणि शेवटी अर्थ. गाडीगणिक हा क्रम थोडा मागेपुढे होतो. मागून बसवलेल्या एसीत तर बसवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे होतो. म्हणून पहिले काम हातात पाना घेण्याचे नव्हे, पेन्सिल घेण्याचे. वायर कुठून निघाली, कोणत्या रंगाची, कुठे गेली, हे कागदावर काढा. मुंबईतले माझे उस्ताद फारसे शिकलेले नव्हते, परंतु सिगारेटच्या पाकिटाच्या मागल्या बाजूला ते जो नकाशा काढीत, तो मला पुढे आखातात कंपनीच्या पुस्तकांतही तितका स्वच्छ दिसला नाही.

या वाटेवर शेवटचे नाव मी घेतले ते अर्थ. त्याला आपण वाटेतला मुक्काम समजत नाही, इथेच सारी चूक होते. वीज बॅटरीतून निघते तशी तिला बॅटरीत परतही यावे लागते. बहुतेक क्लचना एकच वायर असते. परतीची वाट कॉइलमधून कंप्रेसरच्या अंगात, तिथून ब्रॅकेटमध्ये, तिथून इंजिनात, आणि इंजिनातून जाड पट्टीने बॉडीत व बॅटरीत. मी त्या पद्मिनीला बॅटरीवरून डायरेक्ट करंट दिला, म्हणजे जाण्याची वाट नवी करून दिली. परतीची वाट जुनीच राहिली. आणि दोष परतीच्या वाटेवर होता. ब्रॅकेट बसवताना कोणी त्याला झकास काळा रंग मारला होता, रंगाखाली आपल्या खाऱ्या हवेने गंज धरला होता, आणि कॉइलची सगळी वीज त्या गंजातून परतण्याची धडपड करीत होती.

आता एक साधा हिशेब. वहीत उतरवून घ्या. जर्मनीच्या ओहमसाहेबांनी १८२७ साली मांडलेला नियम तुम्ही शिकला आहात : व्होल्टला रोधाने भागा, अँपिअर मिळतात. क्लचच्या कॉइलचा रोध साधारण ३ ते ४ ओहम असतो, आपण ३.५ धरू. गाडी चालू असताना व्होल्ट १४ च्या आसपास असतात, पण हिशेबाला १२ धरू. १२ भागिले ३.५, म्हणजे सुमारे ३.४ अँपिअर. आता ब्रॅकेटच्या गंजात फक्त १ ओहमचा रोध आहे असे समजा. एकूण ४.५. प्रवाह उतरला २.७ अँपिअरवर. कॉइलला १२ व्होल्ट मिळायचे ते सव्वानऊच मिळू लागले. चुंबकाची ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ओढ राहिली जवळजवळ ६० टक्के. सकाळी तेवढ्यावर भागते.

पण तांबे तापले की त्याचा रोध वाढतो. दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के. सकाळी २५ अंशांवर असलेली कॉइल इंजिनाच्या उष्णतेने आणि स्वतःच्या तापाने दुपारी १०० अंशांवर गेली, तर ३.५ चे जवळपास ४.५ ओहम होतात. त्यात गंजाचा १ मिळवा : ५.५. प्रवाह २.२ अँपिअर. ओढ राहिली ४० टक्के. थाळी आणि पुली यांच्यामधली फट झिजून वाढलेली असेल तर एवढ्या ओढीने थाळी चिकटत नाही. चहाला थांबले, कॉइल निवली, पुन्हा चालू. टॅक्सीवाल्याची सगळी तक्रार या चार आकड्यांत होती. मी ते आकडे मांडले नव्हते.

मग दुसरा कंप्रेसर दोन आठवडे का चालला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि आला नसेल तर यायला हवा. बोल्ट काढघाल करताना रंग थोडा खरवडला गेला, घट्ट आवळल्यामुळे धातूला धातू लागला, आणि नव्या थाळीची फट कमी होती. हादऱ्यांनी आणि दमट हवेने पंधरा दिवसांत मूळ स्थिती आली.

दुसऱ्या वेळी मी मीटर घेतला. एसी चालू, इंजिन चालू. मीटरची काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल वायर कंप्रेसरच्या उघड्या धातूला. इथे ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. मला दोनाच्या वर दिसले. ब्रॅकेट खरवडून साफ केला, दोन टोकांना लग बसवलेली एक जाड वायर कंप्रेसरपासून थेट बॅटरीच्या अर्थला दिली. संपले काम. कोपऱ्यात पडलेला त्याचा जुना कंप्रेसर मी टेबलावर ठेवून बॅटरीला लावला, तर क्लच सणकून ओढला. त्या दिवशी मी त्याला काही बोललो नाही. आठवडाभर झोप लागेना, तेव्हा बोलावून खरे सांगितले आणि पैसे तीन हप्त्यांत परत केले. त्याने ते मोजून घेतले, बोलला काही नाही. पुन्हा तो माझ्या गॅरेजात आला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

मित्रहो, या मोजणीतली खुबी अशी की ती वीज वाहत असताना केली. पुष्कळ मुले वायर सुटी करून ओहम मोजतात, मीटर शून्य दाखवतो आणि ते म्हणतात वायर चांगली आहे. वायरीचे सगळे तंतू तुटून एकच शिल्लक राहिला असेल तरी मीटर जवळपास शून्यच दाखवील, कारण मीटर तिच्यातून अगदी नाममात्र प्रवाह पाठवतो. त्या एका तंतूवर चार अँपिअरचा भार टाकला की तो हात टेकतो. व्होल्टचेही तसेच. कुजक्या जोडापलीकडे काही लावलेले नसेल तर मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून मी अजून खिशात २१ वॅटचा साधा इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी जोडून, बाळगतो. तो पावणेदोन अँपिअर मागतो. जोड कुजका असेल तर बल्ब मिणमिणतो आणि खोटे बोलू शकत नाही. मात्र एक खबरदारी घ्या. अँप्लिफायरच्या बारीक वायरींवर आणि इंजेक्शनच्या गाड्यांतल्या कंप्यूटरवर हा बल्ब कधीही लावू नका. तिथे मीटरच हवा, नाहीतर एका दोषाचे दोन दोष होतील.

शोधाची सुरुवात कुठून करावी? माझी रीत अशी की मध्यावर घुसायचे. रिले हा मध्य. रिलेच्या तळाशी ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ यांच्यात छोटी कॉइल असते, तिला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. तिला वीज मिळाली की आतला संपर्क मिटतो आणि ३० वरची मोठी वीज ८७ वरून क्लचला जाते. जुनी गाडी, नाजूक बटण. त्या बटणावरचा भार वाचवण्यासाठी ही योजना. आता एसी चालू करून रिलेवर बोट ठेवा. "टक" झाले आणि क्लच ओढला नाही, तर बटण, थर्मोस्टॅट, प्रेशर स्विच हे सारे निर्दोष. दोष रिलेच्या संपर्कात, पुढच्या वायरीत, कॉइलमध्ये किंवा अर्थमध्ये. "टक" झालेच नाही, तर दोष बहुधा मागे. एका बोटाने अर्धी गाडी तपासून झाली. काही गाड्यांत हॉर्नचा रिले याच जातीचा असतो. आकडे जुळतात हे पाहून घ्या आणि अदलाबदल करा; एसी चालला आणि हॉर्न मुका झाला तर आणखी पुरावा नको.

फ्यूजबद्दल थोडे कडक बोलणार आहे. फ्यूज उडाला तर त्याला कारण असते. पुष्कळ क्लचच्या वायरीवर एक छोटा डायोड असतो. क्लच बंद होताना कॉइल जो उलटा झटका देते तो जिरवणे हे त्याचे काम. हा डायोड आतून शॉर्ट झाला की एसीचे बटण दाबताच फ्यूज जातो. नवा डायोड उलटा बसवला तरी हेच. अशा वेळी काही महाभाग १५ अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज घालतात, काही तांब्याची तार गुंडाळतात, आणि मी सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नीही पाहिली आहे. मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डामागची वायर जळते, आणि तिच्याशेजारी गालिचा असतो, रेक्झीन असते, कधी मागच्या सीटवर लेकरू झोपलेले असते. फ्यूज जितक्याचा असेल तितक्याचाच घालायचा. यात सवलत नाही.

प्रेशर स्विचची गोष्ट याहून गंभीर. गॅसचा दाब सुमारे २ किलोच्या खाली गेला तर तो वीज तोडतो. आणि दुहेरी स्विच असेल तर ३० किलोच्या आसपास चढला तरीही तोडतो. हे स्विचचे बिघडणे नव्हे, ती त्याची नोकरी आहे. कंप्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरत असते. गॅस गळून गेला की तेलही परत येत नाही, आणि तशात कंप्रेसर फिरवला तर तो कोरडा घासून जाम होतो. आखातात असताना एक पिकअप माझ्याकडे ओढून आणली होती. कोणा मिस्त्रीने प्रेशर स्विचच्या दोन वायरी पिळून एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या, मालकाला एसी "चालू करून" दिला होता. गॅस हळूहळू गेला, कंप्रेसर जाम झाला, पट्टा घासून जळाला आणि तुटला. त्या इंजिनात पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर होता. भर उन्हाळ्यात, वस्तीपासून दूर, बायकामुलांसह ते कुटुंब दोन तास रस्त्याच्या कडेला बसले होते. तपासणीसाठी तुम्ही त्या वायरी क्षणभर जोडू शकता, परंतु आधी गेज लावून दाब पाहिल्यावरच. इंजिन बंद असताना, हवा ३० अंशांची असेल तर दोन्ही गेजवर साडेसहा ते सात किलोच्या आसपास दाब दिसायला हवा. तेवढा असेल तर गॅस निदान काही प्रमाणात आहे; पुरेसा आहे की नाही ते चालू इंजिनावर कळते. दाबच नसेल तर विजेकडे पाहूच नका, गळती शोधा. आणि ती जोडलेली वायर काढल्याशिवाय बॉनेट बंद करायचे नाही. मी त्या वायरीला हातभर लांब लाल फीत बांधून ठेवतो, विसरायला होऊ नये म्हणून.

पंख्याचे एक कोडे तुम्हाला हमखास भेटेल. गाडी हमरस्त्यावर गार, गावात शिरली की गरम, आणि क्लच सारखा चालूबंद होतो. लोक थर्मोस्टॅट बदलतात. वास्तविक कंडेन्सरचा पंखा फिरत नसतो. वेगात वाऱ्याने भागते. गर्दीत कंडेन्सर तापतो, दाब चढतो, आणि प्रेशर स्विच इमानाने वीज तोडतो. पंखा फिरतो तेवढ्यानेही समाधान मानू नका. एकदा मला पंखा फिरताना दिसला, तरी तक्रार तीच. कोणी मोटर बदलताना दोन वायरी उलट जोडल्या होत्या, म्हणून पंखा उलटा फिरून वाऱ्याच्या विरुद्ध हवा ढकलीत होता. कागदाचा कपटा धरून पाहिले तेव्हा कळले.

ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालतो आणि बाकीच्या वेगांवर गप्प बसतो, ही तक्रार सर्वात सोपी. शेवटच्या वेगाला वीज रेझिस्टरमधून जात नाही, बाकी वेगांना जाते; म्हणजे रेझिस्टर जळला. तो हवेच्या मार्गातच बसवलेला असतो, वाऱ्याने थंड राहावा म्हणून. नवा घालण्यापूर्वी त्या मार्गातला पालापाचोळा काढा आणि ब्लोअरची मोटर हाताने मोकळी फिरते का ते पाहा, नाहीतर नवाही जळेल.

सेन्सरचे दोन दोष लक्षात ठेवा. त्याची वायर तुटली तर अँप्लिफायरला वाटते कॉइल फार थंड आहे, कारण थंडीत त्या सेन्सरचा रोध वाढतो आणि तुटलेल्या वायरीचा रोध अमर्याद असतो. मग क्लच ओढतच नाही. उलट सेन्सर पात्यांतून निसटून लोंबू लागला तर त्याला थंडी कळतच नाही. आरंभी छान गार, मग हवा हळूहळू कमी, आणि गाडी उभी केली की खाली पाण्याचे तळे. हा बर्फ. इथे गॅस भरणारा मिस्त्री गॅस भरून मोकळा होतो.

गॅसविषयी एवढेच की जुन्यातल्या जुन्या गाड्यांत आर-१२ असे. त्याने वातावरणातील ओझोनचा थर विरतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो जगभर बंद होत गेला, आणि आपल्या देशातही १ जानेवारी २०१० पासून त्याचा वापर, काही औषधी उपयोग सोडल्यास, थांबवण्यात आला. नंतरच्या गाड्यांत आर-१३४ए. दोहोंची तेले वेगळी. विजेचा दोष शोधता शोधता उगाच नळी सैल करून "गॅस आहे का बघतो" म्हणणाऱ्याला कामावर ठेवू नये. गॅस वायाही जातो, आणि डोळ्यांत गेला तर डोळा जातो.

कार्बोरेटरच्या गाडीत क्लच ओढताच इंजिनावर भार येतो. तो पेलण्यासाठी एक छोटा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह विजेने उघडून इंजिनाचा वेग थोडा वाढवतो. तो बिघडला की सिग्नलला गाडी बंद पडते आणि लोक कार्बोरेटर खोलतात. त्याच्या दोन वायरीही तुमच्या नकाशात असू द्या.

आता माझे बोलणे पुरे. बाहेरच्या मारुतीत मी काल संध्याकाळी तीन दोष घालून ठेवले आहेत. त्यांतले दोन मी आत्ता सांगितलेल्यांपैकी आहेत, तिसरा नाही. दोघादोघांच्या जोड्या करा. विद्यार्थिनींची जोडी पहिली जाईल, कारण मघापासून वहीत आकडे उतरवताना मला त्याच दिसल्या. प्रत्येक जोडीला वीस मिनिटे, एक मीटर, एक बल्ब आणि एक कोरा कागद मिळेल. पाने मी पेटीत कुलूप लावून ठेवले आहेत. किल्ली माझ्या खिशात आहे. ज्याला ती हवी असेल त्याने आधी नकाशा आणि मोजलेले व्होल्ट मला आणून दाखवावेत. पंखा अचानक सुरू होतो, तेव्हा ओढणी आणि शर्टाच्या बाह्या सांभाळा. चला.